०एक्स८००७०६४३: विंडोज १०च्या एका हट्टी अपडेटची चिकित्सा

मायक्रोसॉफ्टची सुरक्षा अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. ९ जानेवारी २०२४ हा असाच एक मंगळवार. विंडोज १० असलेल्या घरगुती संगणकांवर तेव्हा दोन महत्त्वाची अपडेट्स उतरली. एक नेहमीचं मासिक, केबी५०३४१२२ (मायक्रोसॉफ्टच्या अपडेट्सचे आणि मदतपानांचे क्रमांक केबीने सुरू होतात). दुसरं, केबी५०३४४४१. पहिलं मुकाट बसलं. दुसरं थोडं पुढे सरकायचं, अडकायचं आणि सांगायचं, की अपडेट बसवताना अडचण आली, नंतर पुन्हा प्रयत्न करू. शेजारी एक आकडा: ०एक्स८००७०६४३. 'रीट्राय' दाबलं की तेच. संगणक बंद करून चालू केला की तेच. काही वेळाने विंडोज स्वतःहून प्रयत्न करायचं, तरी तेच.

बाकी संगणकाला काहीही झालेलं नसायचं. इंटरनेट चालू, प्रिंटर चालू, मुलांचे प्रकल्प आणि सोसायटीचे हिशेब नेहमीसारखे. पण सुरक्षेचं अपडेट बसत नाही म्हटल्यावर घरातल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो, की आता या संगणकावरून बँकेचे व्यवहार करावेत की नाही. त्या प्रश्नाचं उत्तर पडद्यावर कुठेच नव्हतं. घरच्या संगणकाचं दुखणं कसं शोधावं हे समजून घ्यायला मला या प्रकरणाइतकं चांगलं दुसरं प्रकरण माहीत नाही, म्हणून ते इथे सविस्तर मांडतो आहे.

आकडा काय सांगत होता

विंडोजचे एरर कोड सोळा-आधारी अंकपद्धतीत लिहिलेले असतात. ८००७ या तुकड्याचा अर्थ एवढाच, की ही एरर विंडोजच्या मूळ एरर-यादीतली आहे. उरलेलं ६४३ आपल्या दशमान पद्धतीत आणलं की १६०३ होतं. प्रोग्रॅम बसवताना ज्यांनी कधी डोकं धरलं असेल त्यांना १६०३ ओळखीचा वाटेल. त्याचा अर्थ: बसवताना घातक एरर. थोडक्यात, बसलं नाही. का बसलं नाही, याबद्दल त्यात एक अक्षरही नाही.

गोंधळ वाढला तो हाच कोड आधीपासून बदनाम असल्यामुळे. अनेक प्रोग्रॅम ज्याच्या आधारावर चालतात त्या डॉटनेट फ्रेमवर्कचं अपडेट फसलं तरी हाच आकडा येतो, विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसच्या, म्हणजे डिफेंडरच्या, व्हायरस-व्याख्या उतरल्या नाहीत तरीही हाच. त्यामुळे जानेवारी २०२४मध्ये ज्याने कोड शोधला त्याच्या हाती जुन्या रोगाची औषधं लागली. कोणी डॉटनेट दुरुस्त करत बसलं, कोणी अँटिव्हायरस काढून टाकला. आकडा तोच, पण दुखणं वेगळं होतं.

त्यापुढचे उपायही ठरलेले असतात आणि ते बहुतेकांनी केलेच. विंडोज अपडेटचा ट्रबलशूटर चालवणं. अपडेट सेवा थांबवून सॉफ्टवेअर-डिस्ट्रिब्यूशन नावाच्या फोल्डरचं नाव बदलणं, म्हणजे अर्धवट उतरलेल्या फायली बाजूला पडून सगळं नव्याने उतरतं. एसएफसी स्कॅन चालवून विंडोजच्या फायली तपासणं. डीआयएसएमच्या आज्ञेने, त्या फायली ज्या साठ्यातून दुरुस्त होतात तो साठाच दुरुस्त करणं. हे उपाय वाईट नाहीत, मीसुद्धा इतर दुखण्यांत हेच आधी सुचवेन. पण प्रत्येकाचं काम वेगळं आहे. फोल्डरचं नाव बदलणं हा उतरवण्यातल्या बिघाडावरचा उपाय. एसएफसी आणि डीआयएसएम हा विंडोजच्या स्वतःच्या फायली बिघडल्या असतील तर. या प्रकरणात अपडेट नीट उतरलेलं होतं आणि विंडोजच्या फायलीही धडधाकट होत्या.

हे कळायला काही अवघड साधन लागत नव्हतं. अपडेट हिस्टरी उघडून पाहायची. त्याच दिवशी आलेलं केबी५०३४१२२ व्यवस्थित बसलं आहे. डिफेंडरच्या व्याख्या रोज उतरत आहेत. मग उतरवण्याची यंत्रणा आणि बसवण्याची यंत्रणा, दोन्ही चालू आहेत. बिघाड त्या एका अपडेटच्या आणि त्याला जिथे बसायचं आहे त्या जागेच्या मध्ये कुठेतरी आहे. हट्टी दुखण्यात काय चालत नाही याच्याइतकंच, काय चालतं आहे हे नीट लिहून काढावं, असं मी आग्रहाने सांगेन. शोधाचा निम्मा परिसर तिथेच गळून जातो.

अपडेट कुठे बसायचं होतं

केबी५०३४४४१ हे मुख्य विंडोजसाठी नव्हतंच. ते होतं विंडोज रिकव्हरी एन्व्हायर्नमेंटसाठी. संगणक सुरूच होत नाही तेव्हा जो निळा पडदा येतो, ज्यात 'ट्रबलशूट', 'स्टार्टअप रिपेअर', 'रीसेट धिस पीसी' असे पर्याय असतात, तो पडदा म्हणजे ही रिकव्हरी. ती मुख्य विंडोजपासून वेगळी, स्वतःपुरती एक छोटी विंडोज आहे. विन-आरई डॉट विम नावाच्या, काही शे एमबीच्या एकाच फाइलमध्ये ती गुंडाळून ठेवलेली असते आणि ती फाइल बहुधा डिस्कवरच्या एका लपवलेल्या पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या कप्प्यात, असते. घराची जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवावी, तसं हे.

हे पार्टिशन किती मोठं असावं, हे ठरलं त्या दिवशी ज्या दिवशी विंडोज पहिल्यांदा बसवलं गेलं. विंडोज १०च्या आरंभीच्या काळात ते साधारण ४५० एमबीचं असे, पुढे ५०० एमबीच्या आसपास. तेव्हा ते पुरेसं होतं. नंतर रिकव्हरीची फाइल वाढत गेली, पार्टिशन मात्र होतं तेवढंच राहिलं. जानेवारी २०२४च्या अपडेटला तिथे २५० एमबी मोकळी जागा हवी होती. असंख्य घरगुती संगणकांवर तेवढी नव्हती. सी ड्राइव्हवर शंभर जीबी रिकामे असले तरी त्यांचा इथे काही उपयोग नव्हता.

मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या पानावर नंतर मान्य केलं, की अशा वेळी जागा अपुरी असल्याचा संदेश यायला हवा होता, पण एरर हाताळणाऱ्या भागातल्या दोषामुळे त्याऐवजी ०एक्स८००७०६४३ दिसतो. जागा कमी आहे, एवढे शब्द पडद्यावर आले असते तर लोकांचे किती दिवस वाचले असते!

इथे आणखी एक सापळा आहे आणि तो मला एररच्या आकड्यापेक्षा घातक वाटतो. जागेचा संशय आलेला माणूस डिस्क मॅनेजमेंट, म्हणजे डिस्कचे कप्पे दाखवणारं विंडोजचं साधन, उघडतो. तिथे रिकव्हरी पार्टिशन दिसतं, आकार ५०० एमबीच्या आसपास, आणि 'फ्री'च्या रकान्यात लिहिलेलं असतं १०० टक्के. म्हणजे जागेचा प्रश्नच नाही, असं समजून तो पुन्हा एसएफसीकडे वळतो. खरी गोष्ट अशी, की या पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर नसतं. ते कितीही भरलेलं असो, डिस्क मॅनेजमेंट १०० टक्के मोकळंच दाखवतं. खरी मोकळी जागा पाहायची तर पॉवरशेल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून गेट-व्हॉल्यूम ही आज्ञा द्यावी. अक्षर नसलेली पार्टिशनंही त्या यादीत येतात आणि प्रत्येकाची उरलेली जागा शेवटच्या भागात दिसते. तिथे शंभर-पाऊणशे एमबी दिसले की निदान पक्कं झालं.

कोणतं पार्टिशन खरोखर वापरात आहे हेही पाहावं लागतं, कारण काही संगणकांवर दोन-तीन रिकव्हरी पार्टिशनं असतात. विंडोजची आवृत्ती बदलताना जुनं पार्टिशन अपुरं वाटलं, की विंडोज सी ड्राइव्हचा थोडा भाग कापून नवं तयार करतं आणि जुनं तसंच टाकून देतं. रीएजंट-सी या आज्ञेने चालू पार्टिशनचा क्रमांक कळतो. रिकव्हरी चालू आहे की बंद, हेही तीच सांगते.

दुरुस्तीच्या आधीचा प्रश्न

कारण सापडलं की हात शिवशिवतात. इथे थांबून विचारलं पाहिजे, की हे अपडेट नक्की कोणत्या धोक्यासाठी आहे?

तो धोका सुरक्षादोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०२४-२०६६६ या क्रमांकाने नोंदलेला आहे. बिटलॉकर ही डिस्क कुलूपबंद करणारी सोय. जादा किल्लीच्या वाटेने, म्हणजे रिकव्हरीतून, ते कुलूप चुकवून आतली माहिती वाचता येते असा तो दोष होता. त्यासाठी हल्लेखोराच्या हातात प्रत्यक्ष संगणक असावा लागतो. इंटरनेटवरून, ईमेलमधून, बँकेच्या पानावरून या वाटेने कोणी आत येऊ शकत नाही.

यावरून घरोघरचं उत्तर वेगळं निघतं. दिवाणखान्यातल्या टेबलावर असलेला डेस्कटॉप, ज्याची डिस्क कधी बिटलॉकरने कुलूपबंद केलेलीच नाही, त्याच्यासाठी हा दोष जवळपास निरर्थक आहे. तो संगणक कोणी उचलून नेला तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की माहिती तशीच वाचता येते, रिकव्हरीची वाट शोधायची गरजच नाही. अशा घरी मी पार्टिशनला हात न लावण्याचा सल्ला देईन. हे अपडेट अडलं तरी बाकीची अपडेट्स तेव्हा बसत राहिली, बँकेचे व्यवहारही करता येत होते. रिकव्हरी पार्टिशन मुळात नसलेल्या संगणकाला तर या अपडेटची गरजच नाही.

लॅपटॉपचं वेगळं. तो ट्रेनमध्ये, ऑफिसात, कॉलेजात फिरतो, चोरीला जाऊ शकतो. शिवाय बऱ्याच नव्या लॅपटॉपवर, विंडोजच्या होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने प्रवेश केला की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सेटिंग्जमध्ये ते पाहून घ्यावं. चालू असेल तर अपडेटला अर्थ आहे आणि दुरुस्तीलाही.

एक अपडेट अडलेलं दिसतं म्हणून त्याच्या मागे लागणं आणि आपल्या घराला त्याची गरज आहे म्हणून ते बसवणं, यांत मला मोठा फरक वाटतो. पहिल्या प्रकारात चांगल्या चालणाऱ्या डिस्कची मांडणी विनाकारण मोडली जाते. पार्टिशन बदलताना सगळे फोटो गेलेला माणूस त्या अपडेटने सुरक्षित झाला, असं कोण म्हणेल?

दुरुस्ती

करायचीच तर कंपनीने दिलेली कृती केबी५०२८९९७ या मदतपानावर आज्ञांसह आहे. आज्ञा तिथूनच घ्याव्यात, व्हिडिओ पाहून टाइप करू नयेत. त्यातल्या एका लांबलचक ओळख-क्रमांकात एक अक्षर चुकलं तरी विंडोज ते पार्टिशन रिकव्हरीचं म्हणून ओळखणार नाही. इथे मी क्रम सांगतो, आणि अडायला कुठे होतं ते.

आधी बॅकअप, आणि तो वेगळ्या डिस्कवर. आपल्याकडे फोटो आणि कागदपत्रं डी ड्राइव्हवर टाकून निर्धास्त राहण्याची सवय आहे. डी हा बहुतेक वेळा त्याच डिस्कचा दुसरा तुकडा असतो, त्याला बॅकअप म्हणता येत नाही. डिस्क कुलूपबंद असेल तर रिकव्हरी की, म्हणजे ते कुलूप उघडणारा लांब आकडा, मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहून ठेवावी. बॅकअप झाला की ती बाहेरची हार्ड डिस्क आणि सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवावेत, म्हणजे चुकीची डिस्क निवडली जाण्याची शक्यताच उरत नाही. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा. डेस्कटॉपला यूपीएस हवाच, पार्टिशन छोटं होत असताना लाइट गेली तर काय होईल ते सांगायला नको.

पहिली पायरी रिकव्हरी बंद करण्याची. ती बंद झाली की विन-आरईची फाइल पार्टिशनमधून निघून सी ड्राइव्हवर, विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमधल्या रिकव्हरी फोल्डरात येऊन बसते. कृतीत लिहिलेलं नसलं तरी इथे थांबून, लपवलेल्या फायली दाखवण्याचा पर्याय चालू करून, ती फाइल खरोखर आली आहे का हे डोळ्यांनी पाहावं. ती तिथे नसताना पार्टिशन पुसलं तर रिकव्हरी पुन्हा चालू करायला काहीच उरत नाही. मग विंडोज बसवण्याच्या आयएसओमधून, म्हणजे बसवण्याची सगळी सामग्री असलेल्या मोठ्या फाइलमधून, ती उकरून काढावी लागते, आणि ते काम बरंच किचकट आहे.

पुढे डिस्कपार्ट, म्हणजे आज्ञा देऊन पार्टिशनं करणारं आणि पुसणारं साधन. याच्याइतकं उपयोगी आणि याच्याइतकं निर्दय साधन विंडोजमध्ये दुसरं नाही. ते 'नक्की का?' असं विचारत नाही. पुसा म्हटलं की पुसतं. म्हणून प्रत्येक निवडीनंतर यादी पुन्हा मागवावी. निवडलेल्या ओळीपुढे चांदणीची खूण येते. ती खूण पाहावी, आकार जुळतो का पाहावा, आणि मगच पुढची आज्ञा द्यावी.

सी ड्राइव्ह निवडून तो २५० एमबीने आखडायचा, मग जुनं रिकव्हरी पार्टिशन पुसायचं आणि दोन्ही जागा मिळून नवं करायचं, अशी ही कृती आहे. २५० हा किमान आकडा आहे. मी ५०० तरी घ्यायला सांगेन, कारण रिकव्हरीची फाइल पुढेही वाढू शकते. आखडणं अडलं तर बहुधा सीच्या शेवटच्या टोकाला हलवता न येणारी फाइल बसलेली असते: हायबरनेशनची, पेजिंगची किंवा सिस्टम रिस्टोअरची. हायबरनेशन बंद करून, पेजिंग फाइल तात्पुरती काढून आणि संगणक पुन्हा सुरू करून प्रयत्न केला की बहुतेक वेळा जागा सुटते.

सगळ्यात जास्त घोळ मांडणीचा. वरची कृती गृहीत धरते, की रिकव्हरी पार्टिशन सी ड्राइव्हच्या लगेच पुढे आहे. जुन्या विंडोज १०ने ते डिस्कच्या अगदी सुरुवातीला, सीच्या आधी ठेवलेलं असू शकतं. सी आखडला की मोकळी जागा निघते त्याच्या शेवटी, आणि रिकव्हरी राहते सुरुवातीला. दोन्ही एकत्र येऊच शकत नाहीत. तिथे जुन्याला हात न लावता सी एक जीबीने आखडून त्याच्या शेवटी नवं पार्टिशन करणं हाच सरळ मार्ग. पण डिस्क एमबीआर, म्हणजे पार्टिशनांची यादी ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची असेल, आणि आपल्याकडच्या अनेक जुन्या असेंबल्ड पीसींवर ती असते, तर एका डिस्कवर चारच प्रायमरी पार्टिशनं मावतात. सी, डी, ई करून ती आधीच भरलेली असतील तर नवं करायला वाव नाही. अशा संगणकावर मी हे काम तिथेच सोडून देईन.

नवं पार्टिशन झालं की रिकव्हरी चालू करायची आणि रीएजंट-सीकडून खात्री करून घ्यायची. मग अपडेटचं 'रीट्राय' दाबायचं. जागा हेच कारण असेल तर ते या वेळी बसतं.

'फॉरमॅट मारून टाकू'

दुकानात संगणक नेला की हा सल्ला मिळतोच, आणि अनेक दुखण्यांवर तो चालूनही जातो. इथे तोही खात्रीचा नव्हता. विंडोज १० नव्याने बसवलं तरी सेटअप रिकव्हरीसाठी पुन्हा ५०० एमबीच्या आसपासच जागा ठेवतो. कोऱ्या विंडोजवर पहिल्याच दिवशी पुन्हा हाच आकडा आल्याचे अनुभव लोकांनी तेव्हा मांडले होते. जुने मराठी फाँट, प्रिंटरचे ड्रायव्हर, टॅलीची मांडणी, सगळं पुन्हा बसवायचं आणि दुखणं जागच्या जागी, याचा मनस्ताप ज्याच्या घरी झाला त्यालाच ठाऊक. फॉरमॅट सुचवणाऱ्याला एकच विचारावं: कारण काय आहे आणि फॉरमॅटने ते कसं जाईल?

कंपनीनेही पार्टिशनचा आकार बदलणाऱ्या स्क्रिप्टचा नमुना दिला, पण ती घरगुती माणसाने चालवावी इतकी सोपी नव्हती. मग सुमारे चार महिन्यांनी जाहीर केलं, की विंडोज १०साठी याचं आपोआप होणारं निराकरण मिळणार नाही, दुरुस्ती हातानेच करावी लागेल. लाखो घरांत असलेल्या प्रणालीबद्दल हे उत्तर मला अपुरं वाटलं आणि आजही वाटतं. डिस्कपार्ट चालवणं ही घरच्या वापरकर्त्याची जबाबदारी असू नये. ज्याच्या डिस्कवर जागा नाही त्याला ते अपडेट देऊच नये, ही तपासणी पहिल्या दिवशीच करता आली असती.

अपडेट बसल्यावर

हिरवी खूण आली की बहुतेक जण उठतात. एक तपासणी मात्र बाकी असते, आणि तीच या सगळ्या खटाटोपाचा हेतू आहे. शिफ्टची कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावं. निळा पडदा आला पाहिजे, त्यातून 'ट्रबलशूट', 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स', कमांड प्रॉम्प्टपर्यंत जाता आलं पाहिजे. माउस हलतो का आणि कीबोर्डवर टाइप होतं का, हेसुद्धा पाहावं.

कीबोर्ड-माउसचं वेगळं सांगायला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला, म्हणजे विंडोज १०चा आधार संपला त्याच दिवशी, विंडोज ११साठी केबी५०६६८३५ हे अपडेट आलं. ते बसल्यावर मुख्य विंडोज व्यवस्थित चालायचं, पण रिकव्हरीत शिरलं की यूएसबी कीबोर्ड आणि माउस काम करेनात. पडद्यावर पर्याय समोर आणि निवडायला हात बांधलेले. मायक्रोसॉफ्टने २० ऑक्टोबरला केबी५०७०७७३ हे तातडीचं अपडेट काढून ते सुधारलं. त्या सहा दिवसांत ज्यांचा संगणक सुरू होणं बंद पडलं, त्यांना आधी केलेला रिकव्हरीचा पेनड्राइव्ह उपयोगी पडू शकत होता. ८ जीबीचा पेनड्राइव्ह त्यासाठी साधारण पुरतो, विंडोजच्या फायलीही त्यात घ्यायच्या असतील तर त्याहून मोठा, निदान १६चा घ्यावा. 'क्रिएट अ रिकव्हरी ड्राइव्ह' असं स्टार्ट मेनूत टाइप केलं की तो बनवण्याची खिडकी उघडते.